माइकवर दिलेलं उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे:

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी. दहावी झाली. सेमी इंग्लिश, ८९.४० टक्के, गणितात ९४. वडिलांचं गावातच मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आई घरी शिलाई करते, धाकटा भाऊ सहावीत आहे. फेब्रुवारीत शाळेच्या सेंड-ऑफला बाईंनी एकेकाला माइकपाशी बोलावून ‘पुढे कोण होणार’ ते सांगायला लावलं. हिची पाळी आली तेव्हा काहीच सुचेना, म्हणून ‘डॉक्टर’ म्हणून मोकळी झाली. टाळ्या पडल्या. मागे पालकांच्या खुर्च्यांवर वडील बसले होते, त्यांनी रुमालाने डोळे पुसले. परीक्षा संपल्यावर आठवड्याभरात ते लातूरला जाऊन नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, एका क्लासमध्ये तीस हजार भरून आले. दोन वर्षं हॉस्टेलवर राहायचं, अकरावी-बारावीचं कॉलेज नावापुरतं. पहिला हप्ता एक लाख दहा हजारांचा, १५ जूनच्या आत भरायचा आहे. त्यासाठी वडील सोसायटीचं कर्ज काढतायत.

ती लिहिते, ‘मला डॉक्टर व्हायचं नाही. पण दुसरं काय व्हायचंय तेही मला माहीत नाही. काहीतरी ठरलेलं असतं तर पप्पांना सांगितलं असतं. वर्गातल्या सगळ्यांचं ठरलंय, माझंच असं का? आता खरं सांगू, की गप्प बसून लातूरला जाऊ?’

नाव, गाव आणि शाळा छापू नये अशी विनंती आहे.

—

तुला नावाने हाक मारता येत नाही, आणि ‘बाळा’ म्हणण्याचं तुझं वय गेलं. तेव्हा नुसतंच ‘तू’.

तुझं पत्र वहीच्या पानांवर आहे, सहा पानं. दोनदा वाचलं. आधी त्या सेंड-ऑफबद्दल बोलू, कारण गुंता तिथेच झालाय. तू हिशेबच दिलायस: वर्गात बेचाळीस मुलं, त्यांत अकरा डॉक्टर, नऊ इंजिनिअर, आठ आर्मी-पोलीस, चार कलेक्टर, आणि एकाने ‘चांगला माणूस’ सांगून सगळ्यांना हसवलं. तुझ्या गावात आणि पंचक्रोशीत मिळून अकरा डॉक्टर आहेत का गं? ह्या मुलांचं ठरलंय असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही. त्यांना माइक मिळाला आणि समोर माणसं बसली होती, एवढंच झालंय. मी सातवीत असताना बक्षीस समारंभाला बँकेचे मॅनेजर पाहुणे आले होते, तेव्हा मी ‘बँकेत जाणार’ म्हणाले होते. पाहुणे फौजदार असते तर पोलिसात गेले असते. पंधरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत असा प्रश्न विचारला की तो ओळखीचा एखादा शब्द उचलतो आणि जागेवर जाऊन बसतो. तूही तेच केलंस. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. पुढे जे झालं ते मात्र वेगळं: तुझ्या त्या एका शब्दावर घरातले पैसे लागायला लागले आणि तू तीन महिने गप्प राहिलीस.

म्हणून तुझ्या पत्रातले दोन प्रश्न मी आधी सोडवून वेगळे ठेवते, कारण तू ते एकमेकांना बांधून टाकलेत. ‘मी पुढे काय होणार’ हा एक, आणि ‘पप्पांना कसं सांगू’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सापडेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं तू ठरवून बसलीस. म्हणजे रिकाम्या हाताने पप्पांसमोर जायचं नाही, ‘डॉक्टर नाही, पण अमुक’ असं काहीतरी हातात हवं. पण पहिल्या प्रश्नाला दोन-चार वर्षं लागली तरी काही बिघडत नाही, आणि दुसऱ्याला १५ जूनची तारीख आहे. अमुक सापडलं नसलं तरी ‘डॉक्टर नाही’ एवढं सांगता येतं.

तिसरी एक गोष्ट तू धरून चालली आहेस, तीही तपासून बघ. पप्पांना मुलगी डॉक्टरच व्हायला हवी आहे, हे तू कशावरून म्हणतेस? मी सहाच्या सहा पानं पुन्हा चाळली. त्यांचं तसं एकही वाक्य त्यात नाही. लातूरहून आल्यावर ते एवढंच म्हणाले: ‘तू म्हणालीस ना, मग आता पैशाची काळजी करायची नाही.’ हे वाक्य नीट ऐक. त्यांना वाटतंय की ते तुझा शब्द पाळतायत. तुला वाटतंय की तू त्यांचा पाळतेस. दोघं एकमेकांसाठी ओझं वाहताय आणि कर्जाच्या कागदावर सही तेवढी व्हायची राहिलीय. कदाचित माझा अंदाज चुकेल, त्यांच्या मनात खरंच ते स्वप्न असेल आणि तुझ्या बोलण्याने ते वर आलं असेल. तरीही हे कळायला त्यांना विचारावंच लागेल, माझ्या-तुझ्या तर्काने भागणार नाही.

आता लातूरबद्दल. तिथल्या क्लासला मी नावं ठेवणार नाही. लातूर पॅटर्नने कितीतरी शेतकऱ्यांची, शिक्षकांची मुलं मेडिकलला पोचवली आहेत, आणि ज्याला मनापासून तिकडे जायचंय त्याला तिथली शिस्त मानवतेही. पण तिथे काय करावं लागतं ते बघ. नीटचा पेपर ७२० मार्कांचा. त्यात फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८० आणि बायॉलॉजी ३६०, म्हणजे बरोबर निम्मा पेपर बायॉलॉजीचा. तू लिहिलंयस की विज्ञान भाग दोनचा अभ्यास तू ‘कसातरी, शेवटी, पाठ करून’ केलास. आनुवंशिकतेचा धडा परीक्षेच्या आदल्या रात्री केलास. देशभरातून दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. त्यातल्याही निम्म्या खाजगी कॉलेजांतल्या, जिथली फी तुमच्या सोसायटीच्या कर्जात बसणार नाही. घाबरवायला हे सांगत नाही. ज्याला बायॉलॉजीचा नाद आहे त्यालाही ही चढण दमवते, आणि तू तर त्या विषयाशी न बोलता दोन वर्षं त्याच्याच घरी राहायला निघालीस.

आणि ‘कॉलेज नावापुरतं’ हे तू सहज लिहून गेलीस. ह्याला इंटिग्रेटेड म्हणतात, टाय-अप म्हणतात. हजेरी एकीकडे, मुलं दुसरीकडे. माझ्या मते पंधरा-सोळाच्या वयात काय आवडतं हे शोधायच्या दिवसांत हा सौदा फार महाग आहे. जिचं ठरलंय तिने तो करावा की नाही ते ती बघेल. जिचं ठरलेलं नाही तिने करू नये, असं मी स्पष्ट सांगते. कॉलेजात लॅब असते, वेगवेगळ्या शाळांतून आलेली मुलं असतात, गॅदरिंग असतं, एखादा तिरसट पण भारी शिकवणारा मास्तर असतो. स्वतःबद्दलची माहिती अशाच ठिकाणी मिळते. टेस्ट सिरीजमध्ये फक्त रँक मिळतो.

पैशाचं. तीस हजार गेले असं धरून चल, परत मिळाले तर आनंद. पण पप्पांना घेऊन पावती काढ आणि तिच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी, आणि हॉस्टेल-मेस क्लासचंच असेल तर तेही पैसे, दहा दिवसांत परत करावेत असं त्यात म्हटलंय. ह्या सूचना आहेत, त्यांना कायद्याची धार नाही, त्यामुळे क्लासवाले लगेच पैसे काढून देतील असं समजू नकोस. तरी लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, आणि टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवायची. तुझा क्लास अजून सुरूही झालेला नाही, ही जमेची बाजू आहे. आणि पप्पा म्हणाले की ‘तीस भरलेत, आता कसं सोडायचं’, तर त्यांना त्यांच्याच धंद्यातलं विचार: जुन्या मोटरवर तीनदा खर्च झालाय म्हणून चौथ्यांदा वाइंडिंग करून घ्यायला सांगतात का ते गिऱ्हाइकाला? तूच लिहिलंयस की ते सरळ म्हणतात, ‘दादा, आता नवी घ्या.’

बरं, मग लातूर नाही तर काय? तुझ्यापुढे मला दोन वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली, तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स आणि बायो दोन्ही घेऊन. त्याला पीसीएमबी म्हणतात. ओझं थोडं जास्त असतं, पण ज्याचं ठरलेलं नाही त्याला हे बरं पडतं. हातात असलेला विषय पुढे सोडता येतो, नसलेला मागाहून जोडणं फार कटकटीचं. बारावीनंतर एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेला, मॅथ्सचा आणि बायोचा असे दोन्ही ग्रुप देता येतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री, साधं बीएस्सी, सगळी दारं उघडी राहतात. अगदी नीटसुद्धा. बायॉलॉजी अकरावीत आवडायला लागली तर दिवाळीनंतर तूच पप्पांना म्हणशील की चला लातूरला, आणि तेव्हा ते बोलणं खरं असेल. तुझं कॉलेज अकरा किलोमीटरवर आहे. एसटीत बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, तेव्हा जाण्यायेण्याचाही खर्च नाही.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची, म्हणजे दहावीनंतरच्या इंजिनिअरिंग डिप्लोमाची. हिच्याबद्दल घरोघरी एक जुना गैरसमज आहे, की डिप्लोमा म्हणजे ज्यांना सायन्स झेपलं नाही त्यांच्यासाठी. हिशेब मांडून बघ. अकरावी-बारावी दोन आणि इंजिनिअरिंग चार, झाली सहा वर्षं. डिप्लोमा तीन, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन. झाली सहाच वर्षं, आणि मध्ये तिसऱ्या वर्षाला नोकरी करता येईल असा एक कागद हातात. डिग्रीत गेल्यावर पहिल्या सहामाहीत डिप्लोमावाल्यांना गणित जड जातं हे खरंय. तुला ९४ आहेत. तुझ्या बाजूला मिरज, कराड, कोल्हापूर इथे शासकीय पॉलिटेक्निक आहेत आणि तिथली फी खाजगीच्या मानाने बरीच कमी असते. तोटा एकच, पण मोठा: इथे बायॉलॉजी नाही, म्हणजे मेडिकलचं दार बंद. आणि सोळाव्या वर्षी शाखा निवडावी लागते, सिव्हिल की मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल. ज्याला काहीच माहीत नाही त्याला ती निवड लवकर होते.

इथे मला त्या दुकानाबद्दल बोललं पाहिजे. तुझ्या सहा पानांतली दीड पानं दुकानावर आहेत, आणि तुला ते लिहिताना कळलंही नसावं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटरींची रांग लागते. तू वहीत लिहितेस: कुणाची, किती एचपी, साधी की सबमर्सिबल, काय जळलं. तांब्याच्या तारेचं गेज बघायला पप्पा आता तुझ्याकडे देतात कारण त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि ते एक वाक्य: ‘सिंगल फेजिंगने जळालेली मोटर उघडली की काही कॉइली काळ्याकुट्ट असतात आणि काही अगदी कोऱ्या, जणू त्यांना काही झालंच नाही.’ हे वाचून मी थांबले. मग तू म्हणतेस की दहावीच्या पुस्तकात मोटरच्या आकृतीत तारेचं एकच चौकोनी वेटोळं काढलंय, आणि तुला कळेना की पप्पांच्या दुकानातली ती शेकडो वेटोळी त्या एकातून कशी निघाली. बाईंना विचारलंस, बाई म्हणाल्या, ‘परीक्षेला तेवढंच येतं.’

दुसरी कुणी सल्ला देणारी इथे टुणकन उडी मारेल: बघ, तुला इलेक्ट्रिकल आवडतं! घे डिप्लोमा! मी नाही म्हणणार तसं. दुकान आवडणं आणि वीज आवडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कदाचित तुला पप्पांच्या शेजारी बसायला आवडत असेल. कदाचित वही नीट ठेवायला आवडत असेल, आणि मग तू उद्या कॉमर्सची पोरगी निघशील. कदाचित काय बिघडलंय ते शोधून काढण्यात तुला मजा येत असेल, आणि तसं शोधणारी माणसं तर वकिलीपासून पॅथॉलॉजी लॅबपर्यंत कुठेही लागतात. मला नक्की एवढंच दिसतं की बायॉलॉजीला तू तीन ओळी दिल्यास आणि कॉइलीला दीड पान. ह्यातून निकाल काढायची घाई करू नकोस, पण हे विसरूही नकोस.

आणि शोधायचं कसं, तर फळ्यावर ‘माझी आवड’ लिहून सापडत नाही. बालभारतीची अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. बायो आणि फिजिक्सचे पहिले दोन-दोन धडे उतरवून घे, रात्री वाच. कळलं किती ते मोजू नकोस, कारण इंग्रजीमुळे दोन्ही जडच जातील. दुसऱ्या दिवशी कुठलं पुस्तक आपण होऊन उघडलंस, तेवढं बघ. मग दोन-तीन माणसं गाठ. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, तालुक्यातल्या लॅबमधली टेक्निशियन, गावातली कुणी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असेल ती. त्यांना ‘ह्याला स्कोप आहे का’ असं विचारू नकोस. स्कोप विचारला की सगळे पेपरातलं सांगतात. ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत’ असं विचार. कालच्या दिवसात त्या किती वेळ उभ्या होत्या, किती वेळ फॉर्म भरत होत्या, कुणाशी भांडल्या, कधी जेवल्या, हे ऐकलं की धंद्याचं खरं तोंड दिसतं.

कॉमर्स आणि आर्ट्सबद्दल तू विचारलंच नाहीस, ८९ टक्क्यांना तो प्रश्न पडू नये अशीच आपल्याकडे रीत आहे. एवढंच सांगते की बारावीनंतरचा पाच वर्षांचा लॉ कुठल्याही शाखेतून करता येतो, स्पर्धा परीक्षांना पदवी लागते, शाखा लागत नाही, आणि सीएला सायन्स तर मुळीच लागत नाही. ‘मार्क वाया जातील’ हे माझ्या डोक्यात कधी शिरलेलं नाही. मार्क काय, भाजी आहे का नासायला?

फॉर्मचं काम मात्र आजपासून कर. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, गावाकडच्या कॉलेजांचेसुद्धा. पसंतीक्रमात दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. त्यात एक मेख आहे आणि दरवर्षी मुलं तिथे अडकतात: पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणून ‘बघू तरी लागतं का’ म्हणून एक नंबरला काहीही टाकायचं नाही, आणि जिवलग मैत्रिणीने टाकलंय म्हणूनही नाही. (ती पुण्याला चालली आहे आणि तू रडतेस, हे पत्राच्या शेवटी आडवं लिहिलंयस. रड. दहा वर्षं एका बाकावर बसलात, रडायलाच हवं. पण त्या दुःखाला फॉर्मपासून लांब ठेव.) पॉलिटेक्निकची प्रवेशप्रक्रिया वेगळी, तंत्रशिक्षण संचालनालयाची, तो फॉर्म अकरावीच्या फॉर्मबरोबर भरून ठेवता येतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, एका ठिकाणी जमा केलास की दुसरीकडे जायला तो सोडवून आणावा लागतो, तेव्हा तो हातातून देताना विचार कर. उत्पन्नाचा, जातीचा, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जे जे लागू असेल ते सेतूत आत्ताच टाक. जूनमध्ये तिथली रांग तुझ्या पप्पांच्या दुकानातल्या मोटरींपेक्षा लांब असते.

तुझ्यासारखीच पत्रं ह्या महिन्यात आणखी बरीच आली आहेत, त्यातल्या दोघांना इथेच सांगते. बावन्न टक्क्यांचा जो मुलगा ‘आता संपलं’ म्हणतोय, त्याने आयटीआयची यादी बघावी. वेल्डर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, आणि दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. काही संपलेलं नाही. आणि जिचं इंग्रजी गेलंय तिने घरात बसून राहू नये. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला बसता येतं आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैतच असते.

राहता राहिले पप्पा.

आधी आईला सांग. तिला काही तोडगा काढायला लावायचा नाही, फक्त त्या वेळी घरात आणखी एका माणसाला सगळं माहीत असावं म्हणून. भावासमोर नको, आणि जेवताना नको, ताटावरून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्या विषयावर बोलत नाही. मोबाइलवर मेसेज तर अजिबात नको. सुरुवात डॉक्टरपासूनही करू नकोस. माइकपासून कर. ‘पप्पा, सेंड-ऑफला मला काही सुचलं नव्हतं, म्हणून मी डॉक्टर म्हटलं. तुम्ही लगेच लातूरला गेलात आणि मग मला सांगायची हिंमत झाली नाही.’ एवढंच. दोन वाक्यं. मग थांब आणि त्यांना बोलू दे.

ते चिडतील, हे धरून चल. ‘मग तीन महिने काय तोंड शिवलं होतं?’ असं काहीतरी म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. त्यावर ‘भीती वाटली’ म्हण, ते खरं उत्तर आहे. कारणं जोडू नकोस, बाईंवर ढकलू नकोस. कदाचित त्यांना वाईट वाटेल ते डॉक्टरपेक्षा ह्या गोष्टीचं वाटेल, की पोरीला आपल्याशी बोलायला भीती वाटली. मग विचारतील, ‘मग काय व्हायचंय?’ तेव्हा काहीतरी शोधून सांगायचा मोह होईल, पुन्हा एकदा माइकवर उभं राहिल्यासारखं. तो टाळ. म्हण, ‘अजून माहीत नाही. पण सायन्सला तालुक्याला बसते, दोन्ही ग्रुप घेते, दिवाळीत तुम्ही, आई आणि मी परत बसू.’ दिवाळीचं नाव घेतलंस की त्यांना कळेल की तू टाळत नाहीयेस, मुदत मागतेयस. मुदत मागणारं गिऱ्हाइक त्यांना चांगलं ओळखता येतं.

आणि ते म्हणालेच की नाही, मला तुला डॉक्टरच झालेलं बघायचंय, लहानपणापासून मनात आहे, तर तेही ऐकून घे. लगेच हो म्हणू नकोस, भांडूही नकोस. तरीसुद्धा कर्ज आणि हॉस्टेल ह्या वर्षी नको, अकरावी घरून करू, बायोची गोडी लागते का बघू, एवढं तुला त्यांच्याजवळ धरता येईल. त्यांना आकड्यांत बोललेलं कळतं. ७२० पैकी ३६० बायॉलॉजीचे, हे त्यांना कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे.

हे पत्र छापून येईल तेव्हा १५ जूनला अकरा दिवस राहिलेले असतील. दुकान साडेआठला बंद होतं, आणि शेवटचा अर्धा तास पप्पा एकटेच वार्निश लावलेल्या मोटरी भट्टीत ठेवत असतात, असं तूच लिहिलंयस. आठ वाजता वही घेऊन जा.